ओरोनची मार्गदर्शित सफर: कुळांची बाजू भक्कम, राजांची कच्ची

नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, क्रॉस नदीच्या मुखाशी, कालाबारच्या पलीकडच्या तीरावर ओरोन हे बंदराचे गाव आहे. कालाबारहून होडीने नेऊन ओरोन लोकांचा उगम, त्यांची कुळे आणि त्यांचे पारंपरिक नेतृत्व समजावून देणारी एक दिवसाची सफर मी घेतली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. जाहिरातीत ‘ओरोनच्या राजांची कहाणी’ असा गाजावाजा होता. प्रत्यक्षात सफरीतील सर्वांत मोलाचा भाग राजांचा नव्हता, आणि राजांविषयी जे सांगितले गेले ते सर्वांत कच्चे होते.

उगमाची कथा मार्गदर्शकाने होडीतच सुरू केली. परंपरेनुसार ओरो समाज (हे लोक स्वतःला ओरो म्हणवतात) आबांग या मूळपुरुषाचा वंश मानला जातो, आणि त्यांचे पूर्वज पूर्वेकडून, आजच्या कॅमेरूनच्या किनाऱ्यालगतच्या उसाकेदेत या भागातून आले असे सांगितले जाते. कथा रंगवून सांगण्यात मार्गदर्शक तरबेज होता. मात्र एकाच पूर्वजापासून सारी कुळे निघाली हे त्याने जितक्या ठामपणे सांगितले, तितके ते सरळ नाही. भाषाशास्त्रज्ञ ओरो, ओकोबो, एबुघू, इदुआ लोकांची इलुए आणि एफिआट लोकांची एफाई या बोलींना ‘लोअर क्रॉस’ या भाषागटातील स्वतंत्र भाषा मानतात. इतक्या लहान मुलखात इतक्या भाषा नांदत असतील, तर निरनिराळ्या वेळी येऊन वसलेल्या गटांनी पुढे एकत्र येऊन एक वंशावळ मान्य केली असणे अधिक संभवते. हा प्रश्न मी विचारला तेव्हा मार्गदर्शकाने तो टाळला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. काही कुळे आपली उगमकथा वेगळी सांगतात, हे त्याने कबूल केले. पण न विचारता त्याने ते सांगितले असते असे वाटत नाही.

कुळांना येथे ‘अफाहा’ म्हणतात. ओक्पो, उक्वोंग, उबोडुंग, इबिघी, ओकिउसो अशी नावे एकामागून एक कानावर पडली की कोणाचेही डोके गरगरेल. हातात एखादा छापील नकाशा दिला असता तर हा तास सुसह्य झाला असता. आज हा सारा मुलूख ओरोन, एम्बो, ओकोबो, उडुंग उको आणि उरुए-ओफोंग/ओरुको अशा पाच स्थानिक प्रशासन विभागांत वाटलेला आहे. कुळांच्या सीमा आणि या विभागांच्या सीमा तंतोतंत जुळतातच असे नाही, एवढे तरी नीट समजावून दिले.

सफरीचे पैसे वसूल झाले ते संग्रहालयात. ओरोनचे राष्ट्रीय संग्रहालय १९५० च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः एक्पू मूर्तींसाठी उभारले गेले. घराण्यातील मानाचा वडीलधारा वारला की कठीण लाकडात त्याची मूर्ती कोरून घेत आणि ती घराण्याच्या बैठकीच्या जागी इतर पूर्वजांच्या ओळीत ठेवीत. वर्षातून दोनदा तिला नैवेद्य दाखवला जाई. मूर्तीची ठेवण जवळून पाहण्यासारखी आहे: लाकडाचा उभा, अरुंद ओंडका तसाच राखलेला, डोक्यावर टोपी, छातीपर्यंत उतरलेली लांब दाढी, पुढे आलेले गोल पोट, आणि अंगालगत आणलेल्या दोन्ही हातांत अधिकाराची वस्तू, बहुधा शिंग. जुन्या मूर्तींचा तळ वाळवीने आणि ओलीने झिजलेला असतो. कलाशिक्षक म्हणून आलेल्या आणि पुढे पुराणवस्तूंची जबाबदारी सांभाळणाऱ्या केनेथ मरे या इंग्रज अधिकाऱ्याने १९४० च्या दशकात अशा ६०० हून अधिक मूर्ती नोंदवल्या होत्या. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात संग्रहालयाची नासधूस झाली, मूर्ती चोरीस गेल्या, काही सरपणात गेल्या, आणि शंभराच्या आसपासच उरल्या. ओरोनचे नेतृत्व खरोखर कसे चालत असे, हे या ओळीपुढे उभे राहिल्यावर उमगते: अधिकार घराण्यातील ज्येष्ठाकडे, आणि त्याची पत मेलेल्या ज्येष्ठांच्या मालिकेवर. मार्गदर्शकाने मात्र या दालनाला जेमतेम पाऊण तास दिला.

उरलेली दुपार राजवाड्याच्या भेटीत गेली, आणि तेथेच सफरीची बाजू लंगडी पडली. पॅरामाउंट रूलर (सर्वोच्च पारंपरिक शासक) हे पद अनादिकालापासून चालत आल्यासारखे सांगितले गेले. वस्तुतः प्रत्येक स्थानिक प्रशासन विभागाला एक पॅरामाउंट रूलर ही आजची रचना राज्य सरकारच्या मान्यतेवर उभी आहे, आणि ओरोन ज्यात येते ते अक्वा इबोम राज्यच १९८७ सालचे. त्याआधी ब्रिटिशांनी आग्नेय नायजेरियात वॉरंट, म्हणजे नेमणूकपत्र, देऊन प्रमुख नेमले होते; त्यांच्याविरुद्धचा रोष १९२९ च्या स्त्रियांच्या उठावात उफाळून आला. यातले एक अक्षरही मार्गदर्शकाच्या तोंडून निघाले नाही. प्रत्येक कुळाला प्रमुख असतो आणि गावाचा कारभार वडीलधाऱ्यांची सभा पाहते, एवढे धावते सांगून तो थेट दरबारी पोशाखावर आला. एक्पे या पुरुषांच्या दर्जाबद्ध मंडळाने एकेकाळी दंड बसवणे, कर्ज वसूल करणे, गावात बंदी जाहीर करणे ही कामे केली, म्हणजे अंमलबजावणीचा हात त्याचाच होता; पण त्याचा उल्लेख केवळ मुखवट्यांच्या नाचापुरता झाला. पाहुण्यांना नाच आवडतो हे खरे, तरी विषय नेतृत्वाचा होता.

बाकी व्यवस्था चोख होती. होडीत सर्वांना लाइफ जॅकेट दिले, जेवण वेळेवर मिळाले, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारण्याची शिस्त मार्गदर्शकाने स्वतः पाळून दाखवली. ज्यांना निवांत दिवस आणि थोडी गोष्ट हवी आहे त्यांनी ही सफर आहे तशी घ्यावी. ज्यांना ओरोनची कुळे आणि त्यांचा कारभार समजून घ्यायचा आहे त्यांनी पैसे ठरवतानाच संग्रहालयासाठी अख्खी सकाळ मागून घ्यावी; त्यासाठी राजवाडा वगळावा लागला तरी नुकसान होत नाही.