मेसा व्हर्डे की बँडेलियर? हातात एकच दिवस असेल तर

मेसा व्हर्डे (कोलोरॅडो) आणि बँडेलियर (न्यू मेक्सिको) ही अमेरिकेतली कड्यांतल्या प्राचीन वस्त्यांची दोन ठिकाणं. मुक्काम न्यू मेक्सिकोतल्या सांता फे किंवा अल्बुकर्कीत असेल आणि दिवस एकच असेल, तर मेसा व्हर्डेचं नाव काढू नका. एका बाजूचंच ड्रायव्हिंग चार-साडेचार तासांचं आहे. शिवाय पार्कच्या दारातून आत शिरल्यावर मुख्य अवशेषांपर्यंत घाटातून चढत जायला आणखी पाऊण तास सहज जातो, आणि नकाशा बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. बँडेलियर सांता फेहून तासाभरावर. सकाळी निघालात तर रात्रीचं जेवण परत मुक्कामी. मेसा व्हर्डे हवंच असेल तर कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला किंवा कोर्टेझला रात्री राहा.

अंतर बाजूला ठेवलं तर मात्र निवड अवघड होते, कारण दोन्हीकडे बघायला मिळतं ते अगदी वेगळं. कड्यातली घरं म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं, डोंगर कोरून काढलेलं. मेसा व्हर्डे तसं नाही. तिथे वालुकाश्माच्या कड्यात निसर्गतःच तयार झालेल्या प्रचंड कपारी आहेत आणि त्या कपारींत घडीव दगड चिखलात रचून अख्खी गावं बांधलेली आहेत. सगळ्यात मोठं क्लिफ पॅलेस. सुमारे १५० खोल्या, वीसहून जास्त किवा, म्हणजे धार्मिक विधींसाठीच्या जमिनीखालच्या गोल खोल्या. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १२८० पर्यंत हे बांधकाम चाललं आणि १३०० च्या सुमारास लोक दक्षिणेकडे निघूनही गेले. १२७६ पासून पडलेला लांबलचक दुष्काळ हे त्यामागचं एक मोठं कारण. ते नाहीसे झाले असं अजून कुठे कुठे छापलेलं सापडतं. पण त्यांचे वंशज होपी, झुनी, आकोमा आणि इतर प्वेब्लो (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) गावांत आजही राहतात.

बँडेलियर अजिंठ्याला थोडं जवळचं. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला तिथला दगड मऊ आहे, त्यामुळे खोल्या खरोखरच कोरलेल्या आहेत. त्यांच्यापुढे दगडी घरं होती. आता कड्यावर त्यांच्या तुळयांच्या खोबणी तेवढ्या दिसतात. दरीच्या तळाशी सुमारे ४०० खोल्यांच्या गोलाकार गावाचे अवशेष आहेत.

भव्यता हवी असेल तर मेसा व्हर्डेला तोड नाही. पण क्लिफ पॅलेस आणि तिथलंच बाल्कनी हाऊस रेंजरच्या (पार्कच्या कर्मचाऱ्याच्या) गटाबरोबरच बघता येतात. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि उन्हाळ्यात ती पटापट संपतात. तिकीट नसेल तर समोरच्या कड्यावरून बघून परत यायचं. बँडेलियरला आपली आपण चाल. जिथे शिडी लावलेली आहे तिथे चढा आणि काजळीने काळ्या झालेल्या छताखाली हवं तेवढं बसा. मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून बँडेलियर सांगेन.

भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर गुडघ्यांचा विचार आधी करा. क्लिफ पॅलेसला दगडी पायऱ्या आणि शिड्या आहेत. बाल्कनी हाऊसला ३२ फुटी शिडी आणि रांगत जायचं भुयार. जुन्या प्रवासवर्णनांत 'सगळ्यात सोपं' म्हणून ज्याची शिफारस असते ते स्प्रूस ट्री हाऊस दरडींच्या धोक्यामुळे २०१५ पासून बंद आहे. गाडीतून उतरून कठड्यावरून बघण्याच्या जागा मात्र भरपूर आहेत. बँडेलियरच्या मुख्य वाटेचा सुरुवातीचा भाग सपाट आहे आणि शिड्या ऐच्छिक. फक्त १४० फूट उंचीवरचं अल्कोव्ह हाऊस ज्येष्ठांनी खालूनच बघावं.

उन्हाळ्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बँडेलियरला दिवसाच्या मुख्य वेळात गाडी आत सोडत नाहीत, जवळच्या व्हाइट रॉक गावाहून शटल बस घ्यावी लागते. सकाळी लवकर पोचलात तर तो प्रश्न येत नाही. हिवाळ्यात मेसा व्हर्डेचे मुख्य गट-दौरे बंद असतात, बँडेलियर सुरू असतं, पण बर्फ असला की शिड्या बंद ठेवतात. दोन्हीकडे उंची ६,००० फुटांच्या वर, तेव्हा पाणी जास्त घ्या.

डेन्व्हरहून येणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांनी ड्युरँगोत दोन रात्री काढून मेसा व्हर्डेच करावं.