बोर्ड गेम रिव्ह्यू: आधी पिळायचं, मग शेजाऱ्याने पिळलेलं चालवायचं

गेमचं नाव मुद्दाम देत नाहीये, पुढे बनवणाऱ्यांना थोडं ऐकवणार आहे आणि माणसं छोटी आहेत, उगाच कशाला. पण वसाहती गेल्यावर कुठला देश सावरला आणि कुठला गाळात गेला ह्यात ज्यांना रस आहे त्यांनी वाचा. चार जणांचा गेम, डब्यावर दोन तास लिहिलंय, आमचा एकदाही साडेतीनच्या आत संपला नाही.

प्रकार असा आहे. पहिल्या सहा फेऱ्या तुम्ही साम्राज्य, समोर एक वसाहत, पॉइंट फक्त बंदरावर पोचलेल्या मालाचे. मग स्वातंत्र्याचं कार्ड निघतं आणि सगळ्यांनी उठून एकेक खुर्ची सरकायचं! म्हणजे शेजाऱ्याने पिळून ठेवलेला देश आता तुम्ही चालवायचा. आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं कारण नियमांचं पुस्तक पूर्ण वाचतंय कोण, त्यामुळे माझ्या मावसभावाने त्याच्या वसाहतीत काहीही न ठेवता सगळं बंदरात ओतलं होतं, हसत होता, आणि तो देश आला माझ्याकडे.

काय होतं त्यात? खाणीपासून बंदरापर्यंत एक रेल्वे, एक तुरुंग, एक खरेदी मंडळ. शाळा शून्य. रेल्वेबद्दल त्याला बोलून उपयोग नाही, नियमच तसा आहे, दोन गावं जोडली तर काही मिळत नाही. आफ्रिकेच्या नकाशावर जुन्या लाइनी बघा, बऱ्याचशा आतून निघतात आणि समुद्राला जाऊन थांबतात, शेजारच्या देशाशी संबंधच नाही. हमीचं कार्डपण आहे आणि ते भारतावरून घेतलंय हे लगेच कळतं. ब्रिटिशांच्या काळात इथल्या रेल्वे कंपन्यांना ५ टक्के परताव्याची हमी होती, कमी पडलं तर भरपाई इथल्या करातून, मग खर्च आवरायची घाई कुणाला असणार.

पण गेमचा जीव आहे तो खरेदी मंडळाच्या कार्डात. शेतकऱ्याने माल मंडळालाच विकायचा, भाव मंडळ ठरवणार, वरचा फरक तुमच्या तिजोरीत. मावसभाऊ हे कार्ड वापरत होता तेव्हा मी त्याला चोर म्हणत होतो. माझ्याकडे आल्यावर पहिल्याच फेरीत शाळा बांधायला पैसे हवे होते आणि पैसे देणारं दुसरं कार्डच नव्हतं, म्हटलं एक फेरी ठेवू मग टाकून देऊ. टाकलं नाही. शेवटपर्यंत नाही टाकलं. चौथ्या फेरीत माझ्या शेतकऱ्यांचे हिरवे ठोकळे एकेक करून सीमेपलीकडे ताईच्या देशात सरकायला लागले, मला वाटलं ती चीटिंग करतेय, तिने पुस्तकातला नियम काढून दाखवला, भाव फारच पाडला तर माल पळतो.

घानात हेच झालंय अगदी. ब्रिटिशांनी १९४७ ला कोको मार्केटिंग बोर्ड काढलं, सांगायला कारण चांगलंच होतं, बाजार पडला तर शेतकऱ्याला सांभाळायचं. १९५७ ला स्वातंत्र्य आलं आणि पहिले पंतप्रधान एन्क्रुमांच्या सरकारला ही भरलेली, चालू तिजोरी मिळाली. धरणं, कारखाने, शाळा सगळं करायचं होतं, मग बोर्ड कसं मोडणार? नंतरच्या सरकारांनी तर आणखी पिळलं आणि १९८० च्या आसपास शेतकऱ्याच्या हातात इतकं कमी पडायला लागलं की कोको चोरून आयव्हरी कोस्टला जायला लागला. मी हे वाचलं होतं आधी, पण तेव्हा नेते लोभी होते एवढंच डोक्यात राहिलं होतं. खुर्चीवर बसल्यावर कळतं की मालक बदलला तरी नळ तोच, आणि तहान आपल्यालाही असतेच.

ताईला मिळालेली वसाहत म्हणजे रिकामी थाळी होती, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं तिच्याकडे, ना रेल्वे ना मंडळ. ती जिंकली. हे बोत्सवानावरून आहे उघड उघड. ब्रिटिशांना तिथे घेण्यासारखं काही दिसेना, इतकं की कारभाराचं ठाणं त्या प्रदेशाच्या हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता साधारण १२ किलोमीटर आणि पदवीधर २२ (हो, बावीसच). पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. गेममध्ये इथे एक छोटीशी सोंगटी येते आणि विचारते की खाण तुमच्या जमातीच्या ताटात की देशाच्या? खरे सेरेत्से खामा, म्हणजे बोत्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, बामांग्वाटो जमातीच्या राजघराण्यातले, हिरे निघाले तेही त्यांच्याच भागात, आणि खनिजांचा हक्क जमातींकडून काढून देशाकडे नेणारा कायदा त्यांच्याच सरकारने १९६७ ला केला. मग हिरे काढणाऱ्या डी बिअर्स कंपनीशी परत परत बोलून १९७५ पर्यंत सरकारचा हिस्सा ५० टक्क्यांवर नेला. ताईने दहा सेकंद विचार केला असेल, देशाच्या ताटात टाकलं. मी असतो तर टाकलं असतं का माहीत नाही.

आता तक्रारी, आणि ह्या छपाईच्या नाहीत (छपाईच्याही आहेत, तांबडा आणि तपकिरी ठोकळा रात्री ट्यूबलाइटखाली एकसारखेच दिसतात). मोठी तक्रार ही की स्वातंत्र्यानंतर जुना मालक पटावरून गायबच होतो. खुर्ची सोडली, विषय संपला, आता जे होईल ते तुमच्या कारभारामुळे. असं कुठे झालंय? काँगो ३० जून १९६० ला बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि ११ जुलैला खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठिंब्याने फुटून निघाला, पंतप्रधान लुमुंबांना जानेवारी १९६१ मध्ये मारलं, मग कारभाराचे मार्क कुणाला द्यायचे? हैती तर त्याहून भारी. १८०४ ला गुलामांनी फ्रान्सशी लढून देश मिळवला आणि १८२५ ला फ्रान्सने लढाऊ जहाजं उभी करून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून. नंतर ती ९ कोटींवर आली पण त्यासाठी काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. गेममध्ये कर्जाचं एकही कार्ड नाही! एक नाही! हे विसरून कसं चालेल राव.

दोन जणांसाठी एक वेगळा पट आहे तो मात्र मस्त, कोरियाचा. जपानने १९१० ते १९४५ एकच वसाहत चालवली, मग पट मधोमध दुमडायचा. कारखाने आणि वीज उत्तरेकडे, भातशेती दक्षिणेकडे, त्यामुळे सगळे उत्तरेचाच भाग मागतात, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. फक्त इथेही थोडी लबाडी आहे, दक्षिणेच्या पत्त्यांवर निवडणुका छापल्यात, पण १९६१ नंतर तिथे पार्क चुंग ही नावाचे जनरल होते आणि निर्यातीची घोडदौड त्यांच्याच काळात सुरू झाली. हे गैरसोयीचं आहे म्हणून गाळलं असावं.

पाचपैकी साडेतीन. ज्यांना फासे टाकून झटपट जिंकायचं असतं त्यांनी लांब राहा, हिशोब ठेवायला एक वही लागते. खुर्च्या सरकवायचा भाग आधी सांगू नका कुणाला, पहिल्या वेळची मजा त्यातच आहे. आणि कर्जाचं कार्ड आम्ही घरीच बनवलं, वहीचं अर्धं पान, जो जास्त पिळेल त्याला पुढच्या राज्यकर्त्याने दर फेरीला दोन नाणी द्यायची. परवा ते पान ताईकडे आलं. तिसऱ्या फेरीला तिने मला हळूच विचारलं, "तुझं ते खरेदी मंडळ उसनं मिळेल का रे?"