नौपाड्यातील वैज्ञानिक लेखनसेवा: सांड्याच्या संवर्धन आराखड्याच्या निमित्ताने

सांडा हा काटेरी शेपटीचा, मुख्यतः वनस्पतींवर जगणारा सरडा राजस्थान आणि कच्छच्या वाळवंटी भागात आढळतो. जैसलमेर परिसरापुरता त्याच्या संवर्धनाचा आराखडा आमच्या अभ्यासगटाने तयार केला. नोंदी भरपूर होत्या, परंतु मसुदा अनेक हातांनी लिहिलेला असल्यामुळे प्रत्येक प्रकरणाचा सूर निराळा होता. वनविभाग आणि निधी देणारी संस्था या दोघांपुढे तो ठेवता यावा, म्हणून ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या वैज्ञानिक लेखन-संपादन कार्यालयाची सेवा आम्ही घेतली. प्राणिशास्त्र शिकलेल्या एक संपादिका आणि आकडेवारी तपासणारे त्यांचे सहकारी, एवढाच तेथील कारभार आहे.

पहिल्या वाचनानंतर परत आलेल्या मसुद्यात भाषेच्या दुरुस्त्यांपेक्षा समासातले प्रश्नच अधिक होते, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्या प्रश्नांत आहे. बिळांच्या मोजणीचेच पाहा. सांडा बिळात शिरला की तोंड आतून मातीने बुजवतो आणि हिवाळ्यात दीर्घकाळ आतच सुप्तावस्थेत राहतो. त्यामुळे मोजणी कोणत्या ऋतूत व दिवसाच्या कोणत्या वेळी झाली आणि मोजलेली बिळे उघडी होती की बुजलेली, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, असे संपादिकांचे म्हणणे होते. ही माहिती परिशिष्टात होती. ती त्यांनी कार्यपद्धतीच्या प्रकरणात आणली. बिळांची घनता हा निर्देशांक आहे, प्राण्यांची गणना नव्हे, हे वाक्य सारांशातही असावे असा आग्रह त्यांनी धरला. असे लिहिल्याने निष्कर्ष फिका पडतो, अशी कुरकुर आमच्यापैकी काहींनी केली, पण मला संपादिकांची बाजू पटली.

क्षेत्रफळाच्या आकड्यांबाबतही त्या तितक्याच काटेकोर होत्या. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या, धोक्यातील प्रजातींची वर्गवारी करणाऱ्या लाल यादीत ही प्रजाती ‘असुरक्षित’ गटात आहे. त्या पद्धतीत व्याप्त क्षेत्र, म्हणजे प्रजाती प्रत्यक्ष आढळते तेवढे क्षेत्र, मोजण्यासाठी २ किमी × २ किमी चौकटींचे जाळे वापरतात, कारण चौकट लहान केली की तोच प्रदेश कागदावर आक्रसतो आणि वर्गवारी ठरवणाऱ्या २,००० चौ. किमीसारख्या मर्यादांशी केलेली तुलना फसवी ठरते. जाळ्याचा आकार त्यांनी प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात लिहून घेतला. जागतिक वर्गवारी एका जिल्ह्याच्या आकडेवारीला परस्पर चिकटवू नये, हेही त्यांनी बजावले.

सर्वाधिक बदल शिफारशींच्या प्रकरणात झाला. ‘जनजागृती करावी’, ‘अधिवासाचे रक्षण करावे’ अशा वाक्यांसमोर त्यांनी कोणी, कुठे, केव्हापर्यंत आणि यश कशावरून ओळखायचे, अशी विचारणा केली. परिणामी ओरणांतील (राजस्थानातील देवरायांतील) चराईचे नियोजन, सौरऊर्जा प्रकल्पांच्या कुंपणाआत येणाऱ्या बिळांच्या वसाहती आणि चोरट्या शिकारीवरील गस्त हे तीन विषय वेगळे झाले, आणि प्रत्येकाला जबाबदार यंत्रणा व मोजता येईल असे उद्दिष्ट मिळाले. सांड्याची शिकार मुख्यतः शेपटीच्या बुडाशी साठलेल्या चरबीच्या तेलासाठी होते. पौरुषवर्धक म्हणून विकले जाणारे हे तेल आपल्याकडच्या पदपथांवरही दिसत आलेले आहे, त्यामुळे मागणीचा प्रश्न वाळवंटापुरता मानता येत नाही. हे ध्यानात घेऊन वसाहतींचे नेमके अक्षांश-रेखांश फक्त वनविभागाच्या प्रतीत ठेवावेत आणि सार्वजनिक प्रतीत तालुक्यापलीकडे तपशील देऊ नये, ही सूचना त्यांनी स्वतःहून केली. केवळ भाषा तपासणाऱ्याला हे सुचले नसते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची सहावरून चारवर आल्या, त्यामुळे जुन्या अहवालांतून उतरलेले अनुसूचींचे उल्लेखही त्यांनी एकेक करून तपासायला लावले. शास्त्रीय नावाच्या पहिल्या उल्लेखात ‘सारा हार्डविकी’सोबत ‘युरोमॅस्टिक्स हार्डविकी’ हे पूर्वीचे नाव त्यांनी ठेवले, जेणेकरून जुने साहित्य शोधणारा अडणार नाही.

नकाशांच्या बाबतीत मात्र ही सेवा कमी पडते. ते काम बाहेर दिले जाते. आमच्या नकाशांतील तांबडा आणि हिरवा रंग कृष्णधवल छपाईत एकसारखाच दिसत होता आणि दुरुस्तीनंतरही प्रमाणरेषा वाचता येत नव्हती. अखेर नकाशे आम्ही दुसरीकडून करून घेतले. मराठी सारांशही सरकारी परिपत्रकासारखा जड झाला होता; तो आमच्यातील एका शिक्षिकेने पुन्हा लिहिला. ठरलेली तारीख एकदा पुढे गेली, पण ते त्यांनी आधी कळवले होते.

आकारणी शब्दसंख्येवर असते आणि तक्त्यांची तपासणी वेगळी धरली जाते. दुसऱ्या वाचनाचे पैसे मूळ दरातच येतात, तिसऱ्याचे नाही. भाषा तपासून देणाऱ्या साध्या सेवांपेक्षा हा दर बराच चढा आहे. ज्यांच्या नोंदी अजून गोळा व्हायच्या आहेत, त्यांनी इतक्यात तेथे जाऊ नये, कारण प्रश्नांना उत्तरे नसली तर वाचनाची एक फेरी फुकट जाते. जाताना क्षेत्रीय वह्यांच्या प्रती आणि मूळ तक्त्यांच्या फाइली सोबत न्याव्यात. त्या मागितल्या जातातच.