‘फिंगर’पाशी अडखळणारा वाक्प्रचारकोश

लेकीच्या आठवीच्या इंग्रजीसाठी रद्दीवाल्याकडून ४० रुपयांत हा इंग्रजी-मराठी वाक्प्रचारकोश आणला. सहज ‘फिंगर’ काढलं. ‘नॉट लिफ्ट अ फिंगर’ला ‘इकडची काडी तिकडे न करणे’ दिलंय, वा! (लेकीला लगेच लागू पडतं.) पण ‘बटरफिंगर्स’ म्हणजे ‘लोणी लागलेली बोटं’? अहो, हातातला झेल सोडणारा तो! ‘ग्रीन फिंगर्स’ची तर सरळ ‘हिरवी बोटं’. लेक म्हणाली, “आई, ओल्या मेंदीची का गं?” ज्याच्या हातची झाडं छान वाढतात, त्याच्याबद्दल ब्रिटनमध्ये तसं म्हणतात; अमेरिकेत ‘ग्रीन थंब’. समासात पेन्सिलीने लिहिलं. बांधणीही कच्ची, ‘एफ’ची दोन पानं सुटली, डिंकाने चिकटवलीत.