द्वारका एक्सप्रेसवेच्या पट्ट्यात सोळा महिने: गुरुग्रामच्या तेजीत घर घेऊन राहिल्यानंतर

जून 2024 मध्ये आम्ही गुरुग्रामला स्वतःच्या घरात राहायला आलो. दिल्ली आणि गुरुग्राम जोडणाऱ्या द्वारका एक्सप्रेसवेला लागून शंभरच्या पुढचे जे नवे सेक्टर आहेत, त्यातल्या एकात अकराव्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट. रीसेलचा, ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेला. आधीच्या मालकाने तो गुंतवणूक म्हणून घेतला होता, तो स्वतः त्यात एक दिवसही राहिला नव्हता. आता दोन पावसाळे आणि मधला हिवाळा-उन्हाळा इथे काढून झाला आहे. "गुरुग्रामला आत्ता घ्यावं का?" असा फोन आठवड्याला एक तरी येतोच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. घर 1 कोटी 85 लाखांना घेतलं. कागदावर 1,950 चौरस फूट, म्हणजे सुपर एरिया, लॉबी-जिन्यातला आपला वाटा धरून. सामान येण्याआधी मी आणि नवऱ्याने रिकाम्या घरात टेप लावून भिंत ते भिंत मोजलं, तर कार्पेट, म्हणजे खरी वापरायची जागा, 1,120 भरलं. म्हणजे ब्रोकरच्या तोंडी असलेला साडेनऊ हजारांचा भाव पायाखालच्या जमिनीला साडेसोळा हजार पडला. रेरा या घरखरेदीच्या कायद्याने बिल्डरला कार्पेटवरच विकायला सांगितलं असलं, तरी या शहरातलं रीसेलचं सगळं बोलणं आजही सुपर एरियावर चालतं. घर बघायला जाताना टेप बरोबर न्या. कोणी हसलं तर हसू द्या.

रजिस्ट्री माझ्या नावावर केली. हरियाणात शहरी भागात पुरुषाला 7 टक्के, बाईला 5 टक्के आणि दोघांच्या नावावर 6 टक्के स्टॅम्प ड्युटी लागते. आमचे तिथे 3 लाख 70 हजार वाचले. ओसी असलेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर 5 टक्के आहे. आणि 50 लाखांच्या वरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. आमच्या ब्रोकरने हे शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

नवीन बुकिंग का केलं नाही? तेव्हा इथली हवाच वेगळी होती. जानेवारी 2024 मध्ये डीएलएफ या मोठ्या बिल्डरने सेक्टर 76-77 मधली 1,113 घरं तीन दिवसांत 7,200 कोटींना विकली. सरासरी काढली तर एकेक घर साडेसहा कोटींच्या आसपास. आमच्यासारखे नोकरदारसुद्धा त्या दिवसांत चेक खिशात घालून साइट ऑफिसच्या रांगेत उभे राहत होते. पण आमच्याच मजल्यावरचे काका 2011 मध्ये बुकिंग करून 2021 मध्ये ताबा मिळालेले आहेत. दहा वर्षं भाडं आणि हप्ता एकत्र भरला त्यांनी. नोएडात आम्रपाली या बिल्डरच्या हजारो ग्राहकांची अडकलेली घरं पुरी करायला 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीला नेमावं लागलं. हे डोळ्यांसमोर असताना नकाशावर पैसे लावायचा धीर मला झाला नाही, आणि आज तो निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो.

आणखी एक गोष्ट आम्ही हट्टाने केली. 10 फेब्रुवारी 2022 ला सेक्टर 109 मधल्या एका टॉवरच्या फ्लॅट्सचे स्लॅब एकावर एक कोसळून दोन बायकांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत तिथल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड सापडलं, ज्याने आतली सळई गंजते. त्यामुळे आम्ही आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला आणि तो हातात आल्यावरच बयाना दिला. मार्बल, मॉड्युलर किचन हे सगळं नंतर बदलता येतं.

आता राहण्याचं. घराच्या आत आम्ही सुखी आहोत, हे मी मनापासून सांगते. हवा खेळती आहे, बाल्कनी मोठी आहे, मुलाला खाली उतरलं की खेळायला वीस पोरं भेटतात, रात्री अकराला बायका बिनधास्त चालत असतात. रस्त्याचं म्हणाल तर तो खरंच बदल घडवणारा आहे. एक्सप्रेसवे साधारण 29 किलोमीटरचा, त्यातला हरियाणाचा 18.9 किलोमीटरचा भाग 11 मार्च 2024 ला खुला झाला आणि दिल्लीकडचा उरलेला 17 ऑगस्ट 2025 ला. आधी विमानतळावर जायला सव्वा तास धरून निघायचो, आता पस्तीस मिनिटांत पोचतो. काकांसारख्यांनी या रस्त्याच्या नावावर 2011 मध्येच पैसे मोजले होते, तो वापरायला त्यांना 2024 उजाडलं.

पण या शहरात भाव त्या वरून दिसणाऱ्या रस्त्याने वाढतो, आणि रोजचा दिवस मात्र जमिनीखालच्या नळावर आणि नाल्यावर अवलंबून असतो. हे मला घर घेताना कळलं नव्हतं.

सासूबाई पहिल्या आठवड्यात आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इथे पाणी किती वाजता येतं गं?" मी म्हटलं, "आई, चोवीस तास असतं." त्या पहाटे पाचला उठतात. तिसऱ्या दिवशी बाल्कनीतून आत येऊन म्हणाल्या, "नळाला चोवीस तास आहे खरं, पण खाली टँकर लागतायत. आज नऊ आले." तेव्हापासून त्या रोज मोजायच्या. गॅसशेजारच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात आकडा: 7, 9, 9, 12. मे 2025 मध्ये एका दिवशी 17 लिहिलेले आहेत. शहराला यमुनेचं पाणी कालव्यातून येतं, बसई आणि चंदू बुढेडा इथे शुद्ध होतं, पण आमच्या पट्ट्यात टॉवर झालेत जास्त आणि पाणी तेवढंच. टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात जातो, त्यामुळे कोणाला दिसत नाही. घर बघायला जाल तेव्हा सकाळी साडेपाचला सोसायटीच्या मागच्या गेटवर जाऊन उभे राहा. दुपारी चारला ब्रोकर दाखवतो ते लॉबी आणि क्लब हाऊस.

मेंटेनन्सही सुपर एरियावरच. सव्वाचार रुपये चौरस फुटाला, म्हणजे महिन्याला 8,287, आणि देखभाल बिल्डरच्याच एजन्सीकडे असल्याने त्यावर 18 टक्के जीएसटी: 9,779. हे पैसे विजेच्या प्रीपेड मीटरमधून रोज थोडे थोडे कापले जातात. रिचार्ज संपत आला की दाराबाहेरच्या शाफ्टमधलं मीटर टुकटुक वाजायला लागतं. त्याच मीटरवर दोन आकडे आलटून पालटून दिसतात, एक ग्रिडचा, एक जनरेटरचा. लाइट एक क्षण मिणमिणते, खालून घरघर ऐकू येते, आणि तिथून पुढचं युनिट आम्हाला साधारण चौपट दराने पडतं. ऑक्टोबर 2023 पासून एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या शहरांत, जुन्या डिझेल जनरेटरवर बंधनं आली, तेव्हा सोसायटीने ते गॅस आणि डिझेल अशा दोन्हींवर चालतील असे करून घेतले. तो खर्चही आमच्याच खिशातून गेला. "शंभर टक्के पॉवर बॅकअप" असं जाहिरातीत वाचलंत तर युनिटचा दर किती ते जरूर विचारा.

हिवाळ्याबद्दल थोडंच लिहिते, कारण तो काळ आठवला तरी छातीत दडपण येतं. 18 नोव्हेंबर 2024 ला दिल्लीचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, 494 होता. शाळा ऑनलाइन गेल्या, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांना आम्ही दुसऱ्याच दिवशी विमानात बसवून गावी पाठवलं. फेब्रुवारीनंतरच परत आणलं. घरात म्हातारं माणूस किंवा दमेकरी असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर कुठे काढणार, हे घर घेण्याआधी ठरवा.

पावसाळ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. सोमवार, 1 सप्टेंबर 2025. दुपारी पाऊस सुरू झाला आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. नवरा ऑफिसातून पाच वाजता निघाला. सहाला फोन, "हायवेवर अडकलोय." साडेसातला, "गाडी बंद केलीय, पेट्रोल वाचवतोय." नऊला फोनची बॅटरी संपली. मी बाल्कनीत उभी राहून खालच्या सर्व्हिस रोडवरचं पाणी बघत होते, दुभाजकाच्या वर आलेलं, त्यात एक ई-रिक्षा अर्धी बुडालेली. तो अकरा वाजून दहा मिनिटांनी घरी आला, शेवटचे तीन किलोमीटर गुडघाभर पाण्यातून चालत, बूट हातात धरून. दुसऱ्या दिवशी शाळा ऑनलाइन, ऑफिसांना घरून काम. सोसायटीच्या गेटच्या आत तेव्हाही सगळं कोरडं, कारंजं चालू.

हे असं का होतं, हे मी तेव्हा शोधून वाचलं. दिल्लीत 1957 नंतर जमीन विकासाचं काम डीडीए या सरकारी प्राधिकरणाच्या हाती गेलं आणि खासगी बिल्डरांना सीमेपलीकडे जावं लागलं. हरियाणाने 1975 च्या कायद्याने त्यांना कॉलनी वसवायचे परवाने दिले. शेतकऱ्याकडून जमीन घेऊन तिच्यावर कॉलनी बिल्डरने उभी करायची, आणि दोन कॉलन्यांमधले रस्ते, नाले, मलवाहिन्या सरकारने. म्हणून इथे प्रत्येक गेटच्या आत एक शहर आहे आणि गेटच्या बाहेर कोणाचंच काही नाही. त्यात जमिनीचा उतार अरवलीकडून नजफगढच्या नाल्याकडे. पूर्वी बांध आणि ओढे ते पाणी अडवत, वाहून नेत. आता त्यांच्या वाटेवर सेक्टर आहेत, आणि आमचा पट्टा उताराच्या खालच्या टोकाला. बाहेरच्या कामांसाठी ईडीसी नावाचं शुल्क प्रत्येक ग्राहकाकडून वसूल होतं, ते काकांच्या 2011 च्या पावत्यांमध्येही आहे. त्या पैशांचा नाला मला माझ्या सेक्टरमध्ये अजून दिसलेला नाही, आणि याचा मला खरोखर संताप येतो.

एवढं असूनही भाव वाढतोच आहे. आमच्याच टॉवरमधला असाच फ्लॅट जुलै 2025 मध्ये 2 कोटी 45 लाखांना गेला. ब्रोकरचे फोन दर दोन दिवसांनी, "मॅडम, निकालना है क्या?" भाडं मात्र अशा फ्लॅटला 45 ते 48 हजार. 45 हजारांनी वर्षाचे 5 लाख 40 हजार, म्हणजे आमच्या खरेदीच्या किमतीवरही तीन टक्क्यांना कमीच. आज 2 कोटी 45 लाख देणाऱ्याला तर त्याहून खूप कमी. आमच्या टॉवरमधले रात्री दिवे लागणारे फ्लॅट मी मोजले आहेत, चाळीस टक्के अंधारात असतात. मेट्रोच्या नव्या 28.5 किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली आणि तिच्या नावावरही आत्तापासून भाव सांगितला जातो. एक्सप्रेसवेचं वेळापत्रक आठवून ते ऐका. स्वतः राहायचं असेल, गेटच्या बाहेर रोज फार पडायचं नसेल, तर तयार घर घ्या. दोन वर्षांत विकून नफा काढायचा म्हणून घेऊ नका.

शेवटची गोष्ट, जी मला सध्या सगळ्यात जास्त कामाची ठरते आहे. पहिल्या पावसाळ्यात मुलाच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली. एजन्सीच्या माणसाने पुट्टी मारून रंग लावला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल पुन्हा आली, तेव्हा मी तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून बाजूला तारीख लिहायला लागले. 6 जुलै, 19 जुलै, 3 ऑगस्ट, 2 सप्टेंबर. शेवटची रेघ खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचली आहे. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं गेलं, "तुम्ही रीसेलवाले, आमचा संबंध मूळ ग्राहकाशी." हे चूक आहे. रेरा कायद्यात विक्रीने घर घेणाराही ग्राहकच धरला आहे, आणि कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. आमच्या टॉवरचा ताबा डिसेंबर 2021 चा, म्हणजे डिसेंबर 2026 पर्यंतचा वेळ हातात आहे. रीसेलचं घर घेणाऱ्यांनी मूळ ताब्याचं पत्र मालकाकडून मागून ठेवा, तारीख त्याच्यावरच असते.

22 सप्टेंबर 2025 ला मी लेखी नोटीस दिली, पेन्सिलीच्या रेघांचे फोटो जोडून, आणि पोच घेतली. तीस दिवस पाडव्याला पुरे होतात. तोवर कोणी आलं नाही तर गुरुग्रामच्या रेरा प्राधिकरणाकडे द्यायची तक्रार लिहून तयार आहे. ती भिंत आम्ही यंदा दिवाळीला रंगवणार नाही.