शास्तावर एकट्याने स्की: अ‍ॅव्हलांच गल्च की वेस्ट फेस?

मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून उत्तर कॅलिफोर्नियातल्या माउंट शास्ता या डोंगराला जाऊन एका दिवसात, एकट्याने स्की करायची ठरली की प्रश्न उरतो वाटेचा. अ‍ॅव्हलांच गल्च (पुढे नुसतं गल्च) आणि वेस्ट फेस या दोन्ही वाटा बनी फ्लॅट या पायथ्याच्या जागेवरूनच सुटतात आणि तिथून १४,१७९ फुटांचा माथा साधारण ७,२०० फूट वर आहे, त्यामुळे दमछाक सारखीच. नेहमीची वाट सोडली नाही तर दोन्हीकडे हिमनदीच्या भेगा आड येत नाहीत, म्हणून तर एकट्याने जायचा विचार करता येतो. हॉर्स कॅम्पच्या दगडी झोपडीपुढे कॅसाव्हल रिज ही डोंगरधार मध्ये येते. तिच्या उजवीकडे गल्च, डावीकडे हिडन व्हॅली आणि वर वेस्ट फेस.

गल्चची बाजू भक्कम आहे. वाट शोधावी लागत नाही, बर्फात पायऱ्या पडलेल्या असतात, लेक हेलन या मुक्कामाच्या जागी तंबू असतात. पाय मुरगळला तर हाक ऐकायला कुणीतरी आहे, हे एकट्या माणसाला फार मोलाचं.

माझं मन उडालं ते चरांमुळे. रेड बँक्स या वरच्या लाल खडकांच्या कड्याखालून लोक बसून घसरत उतरतात. दुपारच्या मऊ बर्फात त्यांचे खोल चर पडतात आणि रात्रीत ते गोठतात, पावसाळ्यानंतर वाळलेल्या बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारखे. तेही नेमके सगळ्यात सुंदर उतारावर. वरून, सावल्या न पडणाऱ्या सपाट प्रकाशात ते दिसत नाहीत. एक वळण जमतं, दुसऱ्याला स्कीचं टोक चराच्या कडेवर आदळतं आणि गुडघा पिळवटतो. मग प्रत्येक वळणाआधी थांबून खाली निरखायचं. एवढं चढून आल्यावर उतरण्याची लयच हाती लागत नसेल, तर मला ते फार लागतं. शिवाय ऊन चढलं की रेड बँक्सवरून दगड आणि बर्फाचे तुकडे सुटतात, ते वेगळंच.

वेस्ट फेसवर मला असे चर क्वचितच दिसले. नावाप्रमाणे पश्चिमेकडे तोंड, ऊन उशिरा येतं, त्यामुळे कॉर्नही (उन्हाने वरून मऊ झालेला दाणेदार बर्फ) उशिरा तयार होतो आणि माथ्यावरून घाईने निघावं लागत नाही. याची किंमत चढताना मोजावी लागते. सकाळभर सावलीतला टणक बर्फ. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे खिळे) आणि आइस-अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) लागतातच, आणि घसरलात तर थांबणं कठीण. वर पोचल्यावर डावीकडे, व्हिटनी ग्लेशियर या हिमनदीकडे अजिबात सरकू नका. भेगा तिकडे आहेत. उतरताना हिडन व्हॅलीतून उंची राखून हॉर्स कॅम्पकडे आडवं यावं लागतं. कॅस्केड गल्चमध्ये खाली वाहवत गेलात तर पुन्हा स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) लावून चढणं आलं. हा आडवा टप्पा कंटाळवाणा आहे, पण माझ्या मते चरांपेक्षा परवडला.

परमिट, दहा हजार फुटांवरचा समिट पास, विष्ठेची पिशवी आणि शास्ता अ‍ॅव्हलांच सेंटरचं हिमस्खलनाचं पत्रक दोन्हीकडे सारखंच. वेस्ट फेसला सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र) मात्र हवाच, आणि परतीची वेळ घरी सांगून जा.

शास्तावर पहिल्यांदाच जात असाल तर गल्च घ्या, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा ताज्या बर्फानंतर हिमस्खलनाचा धोका ओसरला की, म्हणजे चर कमी सापडतील. डोंगर ओळखीचा असेल, टणक बर्फावर पाय स्थिर असतील आणि सुट्टी शनिवारचीच मिळत असेल, तर मी वेस्ट फेसच सुचवेन.