नोड की नोड[]: मल्टी-सिलेक्टच्या नावाला कंस लावावा का?

वेब फॉर्ममध्ये एकाहून जास्त पर्याय निवडता येणारी यादी (मल्टी-सिलेक्ट) ठेवली की तिच्या नावापुढे [] लावावेत का, हा प्रश्न पडतोच. पीएचपीत काम करत असाल तर तो तुमच्यासाठी नाहीच. तिथे नावाला चौकोनी कंस नसला की चार पर्याय निवडले तरी शेवटचा तेवढा हाती लागतो, बाकीचे गडप. कंस लावा आणि मोकळे व्हा. पायथनवाल्यांनाही फारसं अडत नाही. जँगो असो की फ्लास्क, साधं नाव ठेवायचं आणि सगळ्या व्हॅल्यू एकदम देणारं गेटलिस्ट वापरायचं. विसरून नुसतं गेट लिहिलंत तर जँगो शेवटची व्हॅल्यू देतो आणि फ्लास्क पहिली, ही गंमत वेगळी. शिवाय तिथे कंस लावलेच तर गेटलिस्टलाही कंसासकट नाव द्यावं लागतं, म्हणजे उगाच भार.

खरी ओढाताण एक्स्प्रेसमध्ये (नोड जेएसवरच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) आहे. तिथे दोन्ही चालतं, आणि दोन्ही चालतं म्हणूनच फसायला होतं.

मीही बरीच वर्षं बिनकंसवाल्यांतला होतो. नाव स्वच्छ दिसतं, जावास्क्रिप्टमध्ये फॉर्म डॉट नोड म्हटलं की फील्ड समोर. कंस आले की तेच अवतरणचिन्हांत गुंडाळून लिहा, क्वेरीसिलेक्टरमध्ये आणखी एक अवतरण, डोळ्यांना त्रास. हा आक्षेप मला आजही पटतो.

मग नवी मुंबईतल्या एका एसी दुरुस्तीवाल्यांचं काम आलं. कुठला मेकॅनिक कुठल्या नोडमध्ये जाणार, एवढंच ॲडमिनमध्ये निवडायचं. (नोड म्हणजे आपले सिडकोचे: वाशी, नेरुळ, बेलापूर. जेएसवाला नोड खाली सर्व्हरवर होताच, त्यामुळे बोलताना रोज गोंधळ.) फील्डचं नाव ठेवलं नुसतं ‘नोड’. टेस्टिंगला मी दर वेळी दोन-तीन नोड निवडत होतो, मल्टी-सिलेक्ट आहे म्हटल्यावर माणूस तेच करणार. ॲरे (व्हॅल्यूंची यादी) यायचा, फॉर-ऑफ (एकेक घटक घेणारा लूप) फिरायचा, टेबलात ओळी पडायच्या. दिलं लाइव्ह.

चौथ्या दिवशी ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळे गेलं न गेलं तोच एसीवाल्यांच्या मॅडमचा फोन. ‘अहो सर, आमच्या माणसाला तुम्ही नोड दिलेत की बाराखडी शिकवताय? इथे व, काना, श आणि दुसरी वेलांटी असे चार नोड दिसतायत.’

त्या मेकॅनिकला फक्त वाशी दिलं होतं. आणि साध्या नावाचं वागणं असं की दोन पर्याय निवडले तर सर्व्हरला ॲरे मिळतो, एकच निवडला तर सरळ स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. फॉर-ऑफला स्ट्रिंगचंही वावडं नाही. त्याने वाशीची एकेक खूण सुटी केली आणि चार ओळी इमानेइतबारे सेव्ह केल्या. स्क्रीनवर काना आणि वेलांटी त्या ठिपक्यांच्या गोलाला लटकलेल्या. एरर एकही नाही. त्याऐवजी ॲरेची फॉरईच मेथड वापरली असती तर निदान पहिल्याच दिवशी आपटलो असतो, कारण स्ट्रिंगला ती मेथडच नाही.

यातही माझं नशीब म्हणायचं. आळसापायी मी व्हॅल्यूत आयडीऐवजी नावंच ठेवली होती. शिस्तीत आयडी ठेवले असते आणि वाशीचा 12 असता, तर त्याचे 1 आणि 2 झाले असते, आणि ते दोन्ही खरेखुरे नोड. मेकॅनिक आठवडाभर घणसोलीला आणि ऐरोलीला फिरला असता आणि कोणाच्या लक्षात यायलाही वेळ लागला असता.

कंसवाल्या नावाने ही भानगड सुटते. बॉडी पार्सरचा (आलेला फॉर्म उलगडणाऱ्या भागाचा) एक्स्टेंडेड हा पर्याय ट्रू असेल तर एक निवडा की दहा, ॲरेच येतो. मात्र एक्स्प्रेस 5 मध्ये एक्स्टेंडेडचा डिफॉल्ट फॉल्स केला आहे, तो स्वतः ट्रू करावा लागतो. नाही केला तर की (फील्डचं नाव) कंसासकट येते आणि बॉडी डॉट नोड अनडिफाइंड निघतं. पण फरक बघा: इथे चूक झाली तर फॉर-ऑफ तिथल्या तिथे ओरडतो. गुपचूप बाराखडी लिहीत बसत नाही.

काहीच न निवडण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच मुके. ब्राउझर त्या फील्डचं नावसुद्धा पाठवत नाही, त्यामुळे सगळे नोड काढून टाकले तरी जुनेच राहतात. त्यावर आधी एक रिकामं हिडन फील्ड ठेवायची जुनी युक्ती आहे. रुबीचं रेल्स फ्रेमवर्क ते आपणहून ठेवतं. साध्या नावावर ती केलीत तर एक निवडल्यावर ॲरे येऊ लागतो खरा, पण शून्य निवडल्यावर रिकामी स्ट्रिंग येते. दुखणं एका घराने सरकलं, एवढंच. कंसवाल्यात रिकामा घटक फिल्टर करून टाकला की झालं.

ऑफिसातला मित्र म्हणतो, सर्व्हरवर एक कॉन्कॅट (रिकाम्या ॲरेला आलेली व्हॅल्यू जोडणारी मेथड) लिही, स्ट्रिंग असो की ॲरे, शेवटी ॲरेच होतो, कंस कशाला? त्याचं चुकत नाही. बाहेरून कोणीही काहीही पाठवू शकतो, म्हणून तपासणी तशीही करावीच लागते. फक्त ती ओळ प्रत्येक राउटवर आठवावी लागते, आणि टेम्प्लेट उघडणाऱ्या पुढच्या माणसाला ‘नोड’ वाचून एक येणार की अनेक, ते कळत नाही. ‘नोड[]’ वाचून कळतं.

तुमची टीम पायथनची किंवा जावाची असेल तर मी आग्रह धरणार नाही, साधं नाव ठेवा. एक्स्प्रेस असेल तर मी तरी कंस लावतो, कॉन्कॅटही ठेवतो, आणि टेस्टिंगला पहिल्यांदा फक्त वाशी निवडून सेव्ह करतो.